शाळेतील संगणकांचे स्थानिक जाळे : काही शब्द व त्यांचे अर्थ



शाळेत नवी वस्तू आली म्हणजे तिच्यामागोमाग नवे शब्दही येतात. वस्तू कपाटात ठेवून देता येते. शब्द मात्र समजून घेऊन वापरावे लागतात. खेडोपाडीच्या शाळांत संगणक आले, त्यांबरोबर केबल, पोर्ट, स्विच, राउटर हे शब्दही आले. परंतु पुष्कळ ठिकाणी या सर्वांची जागा एकट्या ‘नेट’ या शब्दाने घेतली आहे. भिंतीवरची तार तुटली तरी ‘नेट नाही’, पेटीचा वीजपुरवठा गेला तरी ‘नेट नाही’, आणि गावाबाहेरून येणारी वाहिनी खंडित झाली तरीही ‘नेट नाही’. तीन निरनिराळ्या दुखण्यांना एकच नाव दिल्यावर वैद्याने औषध कशावर द्यावे? परिणाम असा होतो की, संगणक कक्षाला कुलूप लागते, दुरुस्तीची वाट पाहण्यात आठवडे जातात, आणि मुलांच्या वाट्याचे तास बुडतात.

वास्तविक अशा पुष्कळ प्रसंगी दोष हाताच्या अंतरावर असतो. शिवाय बाहेरची वाहिनी खरोखरच बंद पडली, तरी शाळेतले संगणक एकमेकांशी बोलू शकतात. हे ज्या शिक्षकास उमगले, त्याचा संगणक कक्ष सहसा बंद राहात नाही. त्यासाठी विद्युत्शास्त्राचा मोठा अभ्यास नको. दहाबारा शब्दांचे नेमके अर्थ पुरेत. तेवढेच येथे सांगावयाचे योजिले आहे.

स्थानिक जाळे आणि इंटरनेट

दोन अथवा अधिक संगणक तारेने किंवा बिनतारी पद्धतीने जोडले व ते परस्परांना मजकूर पाठवू लागले, म्हणजे त्यांचे जाळे झाले. हे जाळे एका इमारतीपुरते वा एका आवारापुरते असेल तर त्यास स्थानिक जाळे म्हणतात. यालाच ‘लॅन’ असे संक्षिप्त नाव आहे. जगातील अशी असंख्य जाळी एकमेकांस जोडून जे महाजाल झाले, ते इंटरनेट. स्थानिक जाळे व इंटरनेट यांच्या सीमेवर जे यंत्र बसविलेले असते, ते राउटर होय.

गावातील गल्ल्या म्हणजे स्थानिक जाळे, वेस म्हणजे राउटर, आणि वेशीबाहेरचा हमरस्ता म्हणजे इंटरनेट, असे मुलांना सांगितले तर ते चटकन ध्यानी घेतात. पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल वाहून गेला, तरी गावातल्या गावात जाणेयेणे थांबत नाही. त्याचप्रमाणे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या संगणकीय प्रती, चित्रफिती व सरावाचे प्रश्न एकदा शाळेतील एका संगणकावर उतरवून ठेवले व ते इतरांसाठी खुले केले, तर बाहेरची वाहिनी बंद असतानाही बाकीचे संगणक ते वाचू शकतात. जो संगणक असा साठा सांभाळतो व इतरांना पुरवितो, त्यास ‘सर्व्हर’ म्हणतात. त्यासाठी वेगळे महागडे यंत्र असावेच असे नाही. साध्या संगणकासही हे काम करता येते.

इथरनेट

तारेने जोडलेल्या स्थानिक जाळ्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिचे नाव इथरनेट. तिचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या एका टिपणात ही कल्पना मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. केंद्रातील संगणक एकमेकांना व एका वेगवान मुद्रणयंत्राला जोडावयाचे, हा तेव्हाचा साधा व्यावहारिक हेतू होता. प्रकाशाच्या लहरी ज्यातून जातात असे पूर्वी मानले जाई, त्या सर्वव्यापी ‘ईथर’ नामक कल्पित द्रव्यावरून हे नाव घेतले आहे. १८८७ साली मायकेलसन व मोर्ले यांनी केलेल्या प्रयोगात अशा द्रव्याचा काही पुरावा मिळाला नाही, व पुढे शास्त्राने ते सोडूनही दिले. परंतु सर्वांना जोडणारे एक समाईक माध्यम हा अर्थ शब्दात टिकून राहिला.

प्रारंभीच्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच जाड तारेला जोडलेले असत. ती तार एका जागी बिघडली की सर्वांचेच काम अडे. १९८३ मध्ये या पद्धतीस अधिकृत मानक मिळाले, आणि १९९० मध्ये पीळ घातलेल्या बारीक तारांचे मानक आले. तेव्हापासून प्रत्येक संगणकापासून स्वतंत्र तार निघून मध्यवर्ती पेटीत येऊ लागली. या रचनेचा मोठा गुण असा की, एका तारेचा दोष त्या एका संगणकापुरताच राहतो, आणि म्हणून तो शोधता येतो.

केबल, पोर्ट व कार्ड

या तारेस केबल म्हणतात. तिच्या आवरणात तांब्याच्या आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. पीळ शोभेसाठी नव्हे. आसपासच्या विजेच्या तारांमुळे संदेशात जो बिघाड होतो, तो पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो व वजा होतो. केबलच्या टोकास पारदर्शक प्लॅस्टिकची, आठ सोनेरी रेघांची खुंटी असते. तिला आरजे-४५ म्हणतात. ही खुंटी ज्या खाचेत बसते, ती खाच म्हणजे पोर्ट. खुंटी बसताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो न आल्यास ती पुरती बसलेली नाही असे समजावे. संगणकाच्या आत या पोर्टामागे जे मंडल असते, त्यास इथरनेट कार्ड अथवा जाळे-कार्ड म्हणतात.

पेटीपासून संगणकापर्यंत केबलची लांबी १०० मीटरांपेक्षा अधिक नसावी, असा दंडक आहे. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची केबल नेणे टाळावे. वळवाच्या विजेचा धोका तीत असतो. उंदीर व ओल हेही केबलचे शत्रूच होत. म्हणून ती जमिनीलगत मोकळी न सोडता भिंतीवर नळीतून न्यावी.

हब व स्विच

‘स्विच’ या शब्दाने आधी एक घोटाळा होतो. खेड्यात स्विच म्हणजे दिव्याचे बटण. जाळ्यातील स्विच ही वस्तू सर्वस्वी निराळी आहे. पाच, आठ, सोळा वा चोवीस पोर्ट असलेली ती एक पेटी असून, सर्व संगणकांच्या केबली तीत येतात. कोणता मजकूर कोणत्या पोर्टातून बाहेर सोडावयाचा, हे ती पेटी ठरविते.

स्विचच्या आधी ‘हब’ नावाची पेटी वापरात होती. एका पोर्टातून आलेला संदेश हब काही न वाचता अन्य सर्व पोर्टांतून बाहेर टाकी. दोन संगणक एकाच वेळी बोलू लागले तर दोघांचेही बोलणे एकमेकांत मिसळून निरुपयोगी होई. यास ‘टक्कर’ म्हणत. यावर तोड अशी होती की, बोलण्यापूर्वी कोणी बोलत नाही ना हे ऐकावे, टक्कर झालीच तर दोघांनी थांबावे, आणि प्रत्येकाने वेगवेगळा, योगायोगाने ठरणारा काळ वाट पाहून पुन्हा बोलावे. वर्गात दोन मुले एकदम उत्तर देऊ लागली म्हणजे जो प्रकार होतो, तोच हा. मुले थोडी असतील तर निभावते. संख्या वाढली की वेळ थांबण्यातच जातो.

इथरनेटचा पहिला स्विच १९९० मध्ये अमेरिकेत बाजारात आला. तो करणाऱ्या कंपनीचे नाव ‘कल्पना’ असे होते, व तिच्या संस्थापकांत भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे होते. पुढे १९९४ मध्ये ही कंपनी सिस्को कंपनीने विकत घेतली. स्विचमध्ये प्रत्येक संगणकाला स्वतंत्र वाट मिळते, बोलणे व ऐकणे एकाच वेळी चालते, आणि टक्कर राहात नाही. बिनतारी जोडणीत, म्हणजे वायफायमध्ये, मात्र अजूनही सर्वांना एकाच हवेतून आळीपाळीने बोलावे लागते. वीस टॅब्लेट एकदम चालू केले की सर्वच मंदावतात, त्याचे हे एक कारण होय.

मॅक पत्ता व आयपी पत्ता

स्विचला वाट कशी कळते? त्यासाठी पत्ते हवेत. पत्ते दोन प्रकारचे असतात, आणि नवशिक्याचा गोंधळ बहुधा येथेच होतो. शिक्षकाच्या हातातील हजेरीपटाने तो दूर होण्यासारखा आहे.

मॅक पत्ता म्हणजे मुलाचे नाव. प्रत्येक इथरनेट कार्डास तो कारखान्यातच दिला जातो. तो ४८ द्विमान अंकांचा असून, ० ते ९ हे अंक व ए ते एफ ही रोमन अक्षरे यांच्या बारा चिन्हांत लिहितात. त्याचा पहिला अर्धा भाग उत्पादकाचा निदर्शक असतो. असे सुमारे २८१ लाख कोटी पत्ते होऊ शकतात. मुलगा शाळा बदलतो तेव्हा नाव बदलत नाही. तसेच कार्ड कोठेही नेले तरी हा पत्ता सहसा तोच राहतो.

आयपी पत्ता म्हणजे इयत्ता व हजेरी क्रमांक. १९२.१६८.१.१० असा तो चार संख्यांत लिहितात, व प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. लहान जाळ्यात बहुधा पहिल्या तीन संख्या सर्व संगणकांना समान असतात. ती इयत्ता समजावी. शेवटची संख्या प्रत्येकाची निराळी, तो क्रमांक. अशा एका ‘इयत्तेत’ २५४ यंत्रे मावतात. मुलगा वर्ग बदलताच त्याचा क्रमांक बदलतो, तसा संगणक दुसऱ्या जाळ्यात नेला की त्याचा आयपी पत्ता बदलतो.

हे क्रमांक वाटण्याचे काम ‘डीएचसीपी’ नावाची व्यवस्था करते, आणि ती बहुधा राउटरमध्येच असते. म्हणून बाहेरची वाहिनी बंद असली तरी राउटरची वीज बंद करू नये. तो बंद केल्यास नव्याने सुरू झालेल्या संगणकांना क्रमांक मिळत नाही. क्रमांक न मिळालेला संगणक पुष्कळदा स्वतःच १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता धारण करतो. हा आकडा दिसला म्हणजे क्रमांक देणाऱ्याची व त्याची भेट झालेली नाही, इतके निश्चित समजावे.

सर्व्हरला मात्र कायमचा क्रमांक नेमून द्यावा, आणि तो राउटर जे क्रमांक वाटतो त्यांच्या बाहेरचा निवडावा. एकच क्रमांक दोघांना दिला तर हजेरीच्या वेळी दोघेही ‘हजर’ म्हणतील, आणि गोंधळ उडेल. जाळ्यातही एक संगणक ‘अमुक क्रमांक कोणाचा?’ असे सर्वांना विचारतो व ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवितो. या हजेरीस ‘एआरपी’ म्हणतात.

वर्गात करावयाचा खेळ

स्विचचे काम शब्दांनी सांगण्यापेक्षा खेळातून दाखविणे अधिक फलदायी. त्यास सहा मुले, पाच दोऱ्या, काही चिठ्ठ्या व एक पाटी एवढे साहित्य पुरे.

एक मूल मध्ये बसते, ते स्विच. भोवती पाच मुले बसतात व प्रत्येकाला मधल्या मुलाशी एकेका दोरीने जोडतात. दोऱ्यांना १ ते ५ क्रमांक द्यावेत, हे पोर्ट. पाच मुलांना क, ख, ग, घ, च अशी नावे द्यावीत, परंतु कोण कोणत्या दोरीवर आहे हे मधल्या मुलास सांगू नये. पाटी कोरी असावी. प्रत्येक चिठ्ठीवर प्रथम ‘कोणास’, मग ‘कोणाकडून’ आणि नंतर मजकूर लिहावयाचा. इथरनेटमध्ये अशा चिठ्ठीस ‘फ्रेम’ म्हणतात. तिच्यातही प्रथम घेणाऱ्याचा, मग पाठविणाऱ्याचा मॅक पत्ता असतो, पुढे साधारणतः १,५०० बाइटांपर्यंत मजकूर मावतो, आणि शेवटी मजकूर वाटेत बिघडला की काय हे ताडण्याची पडताळणीसंख्या असते.

आता १ क्रमांकाच्या दोरीवरून ‘क’ने ‘ग’ला चिठ्ठी पाठवावी. मधल्या मुलाने ‘कोणाकडून’ वाचून पाटीवर लिहावे : ‘१ – क’. ‘ग’ कोठे आहे हे पाटीवर नाही. म्हणून चिठ्ठीच्या प्रती उरलेल्या चारही दोऱ्यांवर द्याव्यात. ज्यांचे नाव नाही त्यांनी चिठ्ठी टाकून द्यावी. ‘ग’ने उत्तर पाठविले की पाटीवर ‘३ – ग’ अशी नोंद होते, आणि हे उत्तर केवळ पहिल्या दोरीवरच जाते. पाचसहा चिठ्ठ्यांत पाटी भरते व मग एकही प्रत वाया जात नाही. स्विच हेच करतो : पाठविणाऱ्यावरून शिकतो, घेणाऱ्यावरून वाट ठरवितो, आणि ठाऊक नसेल तेथे सर्वांना विचारतो.

पुढे पाटी पुसून टाकावी. ही वीज गेल्याची स्थिती. वीज येताच स्विच पुन्हा पहिल्यापासून शिकतो, त्यास कोणी काही सांगावे लागत नाही, हे मुलांना आपोआप दिसते. मग दोन मुलांच्या जागा बदलाव्यात. चिठ्ठ्या क्षणभर चुकीच्या दारी जातात. परंतु जागा बदललेल्या मुलांनी स्वतः एकेक चिठ्ठी पाठविताच पाटी सुधारते. शेवटी ‘सर्वांस’ असे लिहिलेली चिठ्ठी द्यावी. ती सर्व दोऱ्यांवर जाते. तिला ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात.

वेटोळे

याच खेळात एका दोरीची दोन्ही टोके मधल्या मुलाच्याच हाती द्यावीत. आता ‘सर्वांस’ लिहिलेली चिठ्ठी त्या दोरीवरून गेली की परत त्याच मुलाकडे येते, ते पुन्हा सर्वांना वाटते, ती पुन्हा परत येते. मुले हसू लागतात. पण शाळेत हे खरोखर घडते. सफाई करताना मोकळे लोंबणारे केबलचे टोक कोणीतरी सद्हेतूने स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचतो, दुसरे टोक आधीच त्याच स्विचमध्ये असते, आणि क्षणार्धात सारे जाळे बंद पडते. फ्रेमवर आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते, म्हणून ती फिरतच राहते. सर्व पोर्टांचे दिवे एकदम वेगाने लुकलुकू लागले तर हेच कारण प्रथम पाहावे. अशा वेळी स्विच बंद करून पुन्हा चालू करण्याने भागत नाही. ती केबल काढली पाहिजे.

यावर उपाय म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये एक पद्धत शोधून काढली. तीमुळे स्विच आपापसात बोलून वेटोळे ओळखतात व एक वाट स्वतःच बंद ठेवतात. परंतु शाळेत येणाऱ्या साध्या व स्वस्त स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. तेथे शिक्षकाची दृष्टी हीच सोय.

वेग

जाळ्याचा वेग मेगाबिटांत व साठ्याचे माप मेगाबाइटांत सांगतात. आठ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिट वेग म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ५०० मेगाबाइटांची चित्रफीत एका संगणकावर उतरावयास निदान ४० सेकंद हवेत; दहा संगणकांनी ती सर्व्हरकडून एकदम मागितली तर प्रत्येकास निदान ४०० सेकंद. म्हणून स्विचवर १००० मेगाबिटांचे एखादेच पोर्ट असेल, तर ते सर्व्हरसाठी राखून ठेवावे. पाचवीच्या मुलांना हे उत्तम तोंडी गणित होईल.

दोष शोधण्याचा क्रम

जवळून दूर जावे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र येथेही उपयोगी पडते. प्रथम स्विचला वीज आहे का ते पाहावे. मग त्या संगणकाच्या पोर्टावरील दिवा पाहावा. तो विझलेला असल्यास दोष बहुधा केबल, खुंटी अथवा पोर्ट यांत आहे. शेजारच्या चालू संगणकाची केबल लावून पाहावी, नंतर स्विचवरील पोर्ट बदलून पाहावे. दिवा लागत असेल तर आयपी पत्ता पाहावा. विंडोज प्रणालीत आज्ञेच्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली की तो दिसतो. पत्ता बरोबर असेल तर ‘पिंग’ या आज्ञेने सर्व्हरला हाक मारावी व त्याच्याकडून ‘ओ’ येते का ते पाहावे. मग राउटरला हाक मारावी. ही सर्व उत्तरे नीट आली, आणि तरीही बाहेरचे काही उघडत नसेल, तरच ‘इंटरनेट बंद आहे’ असे म्हणावे. त्या दिवशीही सर्व्हरवरचा पाठ घेता येतोच.

दोन गोष्टी आधीच करून ठेवल्यास हे काम सोपे होते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी. तसेच कोणती केबल कोणत्या पोर्टातून कोणत्या संगणकाकडे जाते व सर्व्हरचा आयपी पत्ता काय, याचे साधे चित्र काढून जडवस्तुसंग्रह नोंदवहीत लावावे. शिक्षकाची बदली होते. चित्र शाळेतच राहते, आणि नव्या शिक्षकास पहिल्या दिवसापासून काम चालविता येते.

दुरुस्तीस माणूस बोलवावा लागणारच नाही असे नव्हे. स्विच जळाला, राउटर बिघडला, तर बोलवावाच लागेल. परंतु त्यास ‘नेट नाही’ असे कळविण्याऐवजी ‘स्विचचे चौथे पोर्ट मृत आहे, बाकी सर्व चालू’ असे कळविले, तर तो योग्य वस्तू घेऊन एकाच खेपेत येईल. आणि तो येईपर्यंत कक्षाला कुलूप न लागता चौथ्या पोर्टावरचे मूल पाचव्या पोर्टावर बसून आपला पाठ पुरा करील.